रोजची वजाबाकी

१

वेधशाळेत नोकरी करते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, मग काल रात्री काय दिसलं? कॅमेराबाईला या प्रश्नाचा अगदी वीट आला होता. रात्री तारे बघणारे वेगळे. ते लांबून येणार, चार रात्री जागणार आणि पेपरात नाव छापून आणणार. ही दिवसपाळीची. त्यांचा कॅमेरा रात्री रुसू नये म्हणून दिवसभर त्याची सरबराई करायची, त्याला गार ठेवायचं, त्याचं दुखलंखुपलं बघायचं, हे तिचं काम. इतक्या वर्षांत तिने दुर्बिणीतून धड एक तारा बघितला नव्हता आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं.

तिचा नवरा तिथलाच. आरसा धुणं, पुसणं, त्याच्या चौकटीचे बोल्ट आवळणं त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तीही म्हणायची. लग्नाआधीची सवय, लग्नानंतर कशाला मोडा? एकदा शिडीवरून पडून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून डावा खांदा जरा उतरलेला. लांबून कोणीही सांगावं, तो बघ मिस्त्री चालला. दोघांची मुलगी पहिलीत. एका जागी बसायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. तिला शाळेतून आणायचं काम बापाचं. दुपार कलली की तो गाडी काढायचा आणि फाटकाशी दोनदा हॉर्न वाजवायचा, पीं पीं, म्हणजे निघालो. ती वर खिडकीतून हात करायची. हात करताना मान वर करून बघायचंही तिने कधीच सोडून दिलं होतं.

घुमटात जाण्याचा एक नियम होता आणि तो कोणी मोडत नसे. आत जाणाऱ्याने दाराबाहेरच्या बोळातल्या दुर्बिणीच्या बटणपेटीवर आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. कुलूप आहे तोवर दुर्बीण जागची हलत नाही. बाहेर आलं की आपलं कुलूप आपणच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. मिस्त्रीच्या कुलपावर भिंगरीने पिवळं बदक चिकटवून ठेवलं होतं. आतून बोलायला वॉकीटॉकी. हात अडकलेले असले की तो नुसतं बटण दोनदा दाबायचा, टक टक. म्हणजे ऐकतोय.

२

रोज जेवणानंतर ती कंट्रोल रूममध्ये बसून आरशाचं एक चित्र काढायची. घुमट बंद, आत काळोख. दुर्बीण आडवी करून भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यासमोर आणायची, पडद्यावर मंद दिवा सोडायचा आणि कॅमेऱ्याला आपल्याच आरशाकडे बघायला लावायचं. आरसा माणसाच्या दुप्पट उंचीचा. दुर्बीण आडवी झाली की तो भिंतीसारखा उभा राहतो आणि त्याच्या पुढे, खालच्या काठाशी, पुसणाऱ्याला उभं राहण्यापुरता जाळीचा एक अरुंद कट्टा असतो. दुर्बीण वर उठली की कट्टा मिटतो आणि चौकटीला घट्ट बसतो. मध्ये पेन राहिलं तर त्याचा भुगा होतो.

हे चित्र तसंच्या तसं कोणी बघत नाही. दोन वर्षांपूर्वी आरशाला नवा मुलामा चढवला, त्या दिवशी तिने एक मूळ चित्र काढून ठेवलं होतं. रोजच्या चित्रातून ते वजा करायचं. कट्ट्याची सावली, चौकटीचे दांडे, काचेवरचे जुने डाग, जे कालही होतं आणि आजही आहे ते सगळं त्या वजाबाकीत जातं. उरतं ते फक्त नवीन. बहुतेक दिवशी काहीच उरत नसे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सपाट राखाडी रंग. राखाडी म्हणजे सगळं ठीक.

त्या दिवशी राखाडीत एक पांढरा डाग होता.

काळा असता तर तिने मिस्त्रीला फडका घेऊन पाठवलं असतं आणि विसरून गेली असती. काळा डाग म्हणजे नवीन धूळ. पांढरा डाग म्हणजे तिथून जास्त प्रकाश येतोय. म्हणजे तिथे आजवर काहीतरी आडवं होतं आणि आज ते नाही. तिने दिवा तपासला. केबल काढून परत लावली. दुसरं चित्र काढलं, तिसरं काढलं. डाग तिथेच, कट्ट्याच्या डाव्या टोकाशी. उभा, खाली अरुंद, वर थोडा रुंद, आणि त्याच्यावर एक गोल.

‘काय बाई, कपाळाला आठ्या?’ शेजारच्या खुर्चीवरून वकिलाने विचारलं. वकील म्हणजे दुर्बीण फिरवणारा ऑपरेटर. कशावरही वाद घालायचा म्हणून हे नाव. माणूस सरळ, पण ऊन पडलंय म्हटलं तरी पुरावा मागणार.

‘काही नाही,’ ती म्हणाली आणि तिने मूळ चित्र उघडलं. ते तिनेच केलं होतं, पण केल्यावर परत कधी बघितलं नव्हतं. वजा करायच्या गोष्टीकडे कोण बघत बसतं?

मूळ चित्रात कट्ट्यावर एक माणूस उभा होता.

३

काळी आकृती, पाठमोरी की समोरची ते कळत नव्हतं. एक हात कोपरात दुमडून कानाशी नेलेला. डावीकडचा खांदा उतरलेला.

तिच्या काळजात धस्स झालं आणि लगेच हसूही आलं. तिने फोन करून मिस्त्रीला वर्कशॉपमधून बोलावलं. तो हात पुसत आला, पडद्याकडे वाकून बघितलं आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

‘हा तर मीच. मुलाम्याच्या दिवशी मी आतच होतो की. तू म्हणालीस चित्र काढते, मी म्हटलं काढ. बाजूला हो म्हणालीच नाहीस.’

‘तुला स्वतःचं कळायला नको?’

‘मला काय माहीत मी इतकी वर्षं तुझ्या हिशेबात आहे ते,’ तो म्हणाला. ‘बरं झालं. नवऱ्याला रोज वजा करतेस आणि वर विचारतेस, घरी लक्ष का नसतं म्हणून.’

तिच्या जिवात जीव आला. चूक शरमेची होती, असल्या कामात कोणालाही शेंबड्या पोराची वाटेल अशी, पण चूकच होती. मूळ चित्र नव्याने काढायचं, साहेबाला सांगून चार बोलणी खायची, झालं. मिस्त्रीने तिच्या डब्यातला उरलेला घास तोंडात टाकला.

‘पण मग,’ वकील म्हणाला, ‘हा पांढरा डाग दोन वर्षं रोज दिसायला हवा होता.’

दोघांनी त्याच्याकडे बघितलं.

‘म्हणजे बघा ना. मूळ चित्रात माणूस आहे. रोजच्या चित्रात कोणी नाही. वजा केलं तर त्या जागी रोज पांढरा माणूस उरणार. तो आज पहिल्यांदा उरला. मग कालपर्यंत...’

त्याने वाक्य पुरं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

तिने कालचं चित्र उघडलं, वजाबाकी न केलेलं. आकृती होती. परवाचं उघडलं. होती. मग ती हाताला लागेल ते उघडत गेली, गेल्या महिन्यातलं, गेल्या वर्षातलं, पावसाळ्यातलं, थंडीतलं. प्रत्येक चित्रात तोच माणूस, त्याच जागी, कानाशी हात नेऊन. एकदाही हललेला नाही. शेवटी तिने मुद्दाम एक महिना शोधला. त्या महिन्यात मिस्त्री पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडला होता आणि तिने त्याला अंथरुणात ताट दिलं होतं. तेव्हाच्या चित्रांतही तो कट्ट्यावर उभा होता.

दोन वर्षं रोज ती या खुर्चीत बसून सगळं ठीक म्हणत होती, आणि रोज ते पलीकडे उभं होतं. आणि आज ते तिथे नव्हतं.

४

‘मी बघून येतो,’ मिस्त्री म्हणाला.

‘काही गरज नाही.’

‘अगं, आरसा माझा आहे. चौकटीची पट्टी लोंबत असेल, काल पडली असेल. तुमच्यासारखी शिकलेली माणसं पट्टीचा माणूस करतात.’ त्याने वॉकीटॉकी कमरेला लावली. ‘भिंगरीला आणायची वेळ व्हायच्या आत येतो.’

तिने त्याला अडवायला हवं होतं. पण अडवायला कारण काय सांगणार? आत काहीतरी आहे म्हणून? आत काही नव्हतं, हीच तर तक्रार होती. ती त्याच्यामागे बोळात गेली. त्याने पेटीवर बदकवालं कुलूप लावलं, ओढून बघितलं, चावी वरच्या खिशात टाकली आणि घुमटाचं जड दार लोटून तो आत गेला. ती परत खुर्चीत येऊन बसली.

‘पोचलो,’ वॉकीटॉकीतून आवाज आला. ‘पट्टीबिट्टी काही पडलेली नाही. सगळं जिथल्या तिथे.’

‘मग ये परत.’

‘थांब. गंमत बघ.’ त्याचे बूट जाळीवर वाजत होते. ‘हा कट्टा मी रोज तुडवतो. सगळा रंग जाऊन लोखंड उघडं पडलंय. पण या टोकाला दोन पावलांएवढा रंग अगदी नवा आहे. म्हणजे इथे मी कधी पाय ठेवलाच नाही. आता आठवलं तर खरंच, इथे आलो की मी कडेने वळसा घालतो. का घालतो, देव जाणे. कोणी उभं असल्यावर घालतो तसा.’

‘मिस्त्री, बाहेर ये.’

‘येतो ना. एक काम करू, मी या जागेवर उभा राहतो, तू चित्र काढ. डागाचं माप माझ्याशी जुळतं का बघ. नाही जुळलं तर तो मी नव्हे, आणि वकिलाची केस निकालात.’

‘नको.’

‘तुलाच रात्रभर झोप लागणार नाही,’ तो म्हणाला. आणि ते खरं होतं. तिला कळायलाच हवं होतं. तपासल्याशिवाय गप्प बसायचं नाही, ही सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती, आणि ती ज्याच्यावर जीव टाकत होती त्याच्यावरच ती सवय चालवायला तिने बोट पुढे केलं.

‘उभा राहिलो,’ तो म्हणाला.

तिने बटण दाबलं. चित्र आलं. वजाबाकी झाली.

सपाट राखाडी.

डाग नव्हता. कडेला रेघ नव्हती, किनार नव्हती, काही नव्हतं. जिवंत माणूस श्वास घेतो, हलतो. तोच माणूस दोन वर्षांनी त्याच जागी उभा केला तरी केसभर इकडेतिकडे होणारच, आणि तो केसभर फरक वजाबाकीत लखलखून दिसतो. मिस्त्री त्या जागेत बोटभरही कमीजास्त न होता बसला होता. तिने वजाबाकी काढून टाकून नुसतं चित्र बघितलं. उतरलेला खांदा. दुमडलेला हात कानाशी. आणि तिला कळलं की त्या हातात वॉकीटॉकी आहे. पहिल्या दिवसापासून त्या आकृतीच्या हातात वॉकीटॉकीच होती. दोन वर्षं कोणीतरी त्याची जागा धरून उभं होतं.

‘मिस्त्री,’ ती म्हणाली. ‘झालं. ये.’

उत्तर आलं नाही. तिने परत चित्र काढलं. राखाडी. परत काढलं. राखाडी.

५

ती धावायला उठली तेवढ्यात दार उघडून मिस्त्री आत आला.

‘काय गं, हाका मारत होतीस?’ त्याने बदकवालं कुलूप टेबलावर ठेवलं आणि फडक्याला हात पुसले. ‘काही नाही तिथे. वकीलसाहेब, मी बाहेर. उठवा दुर्बीण.’

वकिलाने मोठा श्वास सोडला. ‘आज बाईंनी घाम फोडला बुवा,’ म्हणत त्याने खुर्ची पुढे ओढली.

ती त्याच्याकडे बघत राहिली. कुठेतरी काहीतरी चुकलेलं असावं, असं तिला मनापासून वाटत होतं. डोळा, नख, आवाज, काहीही. काही चुकलेलं नव्हतं. खांदा उतरलेला होता. शर्टाच्या बाहीवर सकाळी सांडलेल्या चहाचा डाग होता. तिच्याकडे बघून तो रोज हसायचा तसाच हसला, आणि इतक्या वर्षांचा सराव म्हणून तिलाही उलटून हसू आलं. त्या हसण्याची तिला किळस आली.

‘वॉकीटॉकी कुठे आहे?’ तिने विचारलं.

‘आत राहिली वाटतं. आणतो उद्या.’

तिने उभ्या उभ्या बटण दाबलं. तो शेजारी उभा राहून बघत होता. चित्र आलं. सपाट राखाडी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

‘बघ,’ तो समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला. ‘झालं की नाही ठीक?’

तो बाहेर होता, तर तिथे पांढरा डाग दिसायला हवा होता. डाग नव्हता. म्हणजे कट्ट्यावर आत्ता, या घटकेला, कोणीतरी उभं होतं, आणि वकिलाचं बोट बटणावर होतं.

‘वकील, हात काढा.’

‘अहो, कुलूप काढलंय त्याने. नियम...’

‘हात काढा म्हणते ना.’

ती बोळात पळाली. खिशातलं स्वतःचं कुलूप काढून तिने पेटीवर लावलं. दोनदा हातातून निसटलं. चावी मुठीत इतकी घट्ट धरली की तळव्यात रुतली. आता दुर्बीण हलणार नव्हती. तिच्यावाचून ती कोणीच हलवू शकत नव्हतं. मागे वळली तर तो कंट्रोल रूमच्या दारात उभा होता. रागावलेला नव्हता. थोडा थकलेला, थोडा काळजीत, बायकोला बरं नसलं की नवरा दिसतो तसा.

‘तू दमलीस,’ तो म्हणाला. ‘बस जरा. मी भिंगरीला घेऊन येतो.’

आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेऊन तो जिना उतरू लागला.

त्याच्यामागे धावावं तर आत कोण उभं आहे? आत जावं तर हा पोरीकडे चाललाय. आणि तेवढ्यात कंट्रोल रूममध्ये टेबलावरची वॉकीटॉकी वाजली. टक टक.

वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानेही मिस्त्रीला जिना उतरताना बघितलं होतं, हातात फक्त गाडीची किल्ली होती.

‘शाळेला फोन लावा,’ ती म्हणाली. ‘सांगा, मी येईपर्यंत पोरीला कोणाबरोबर सोडू नका.’

‘बाबांबरोबर पण नाही?’

‘बाबांबरोबर तर नाहीच.’

‘ते विचारतील, का म्हणून. काय सांगू, बाई?’ तो काकुळतीने म्हणाला. ‘रोज तोच तर नेतो तिला.’

तिने घुमटाचं दार लोटलं.

६

आत थंडी आणि मशीनच्या तेलाचा वास. पडद्यावरचा मंद दिवा चालूच होता. तिने कठडा धरून वाट काढली आणि कट्ट्याच्या उजव्या टोकाशी येऊन थांबली.

तो डाव्या टोकाला उभा होता, आरशाकडे तोंड करून. कानाशी वॉकीटॉकी, अंगठा बटणावर. तिने हाक मारली. तो वळला नाही. त्याचा शर्ट श्वासाने हलायला हवा होता, तो हलत नव्हता. ती कठड्याला धरून आणखी दोन पावलं पुढे गेली आणि तिसरं पाऊल आपोआप कडेला वळसा घालायला लागलं, तेव्हा तिने ते दातओठ खाऊन सरळ ठेवलं.

मग तिला आरशात त्याचा चेहरा दिसला. खोलगट आरशात जवळचं सगळं मोठं दिसतं. तो चेहरा तिच्या उंचीएवढा होता आणि दगडासारखा स्थिर होता. फक्त डोळे हलत होते. ते तिला शोधत होते. ते तिच्यावर येऊन थांबले, आणि अंगठा मोठ्या कष्टाने दोनदा दबला. मागे उघड्या दारातून, कंट्रोल रूमच्या टेबलावरून, तो आवाज तिला ऐकू आला.

‘मी आलेय,’ ती म्हणाली. ‘कुलूप लावलंय. काही होणार नाही तुला.’

तिने त्याच्या दंडाला हात लावला. दंड लोखंडासारखा गार होता. तिने ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढलं. तो कट्ट्याच्या कांबीइतकाच जागचा हलला. आरशातल्या त्या मोठ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं आणि ते दाराकडे गेले, परत तिच्याकडे आले, परत दाराकडे गेले. तो तिला जा म्हणत होता. बोलता येत असतं तर कोणाकडे जा, तेही त्याने सांगितलं असतं. त्याची गरज नव्हती.

बाहेरून वकिलाचा आवाज येत होता. शाळेचा फोन कोणी उचलत नव्हतं. तो हॅलो हॅलो करत होता.

आणि खाली फाटकाशी रोजच्या वेळेला, रोजच्यासारखाच, दोनदा हॉर्न वाजला.